एका पॅनवरची नोकरी

मी तापट आहे. हे लपवण्यात काही अर्थ नाही. छावणी भागातल्या आमच्या गल्लीत कुणालाही विचारा, पहिलं हेच सांगतील. पण त्यांनी दुसरंही सांगावं, की ह्या बाईनं घरात कधी कुणाला उपाशी ठेवलं नाही आणि कामावर कधी दांडी मारली नाही. दोन्ही एकाच जन्मात जमतं. लोक उगाच बाऊ करतात.

ह्या गोष्टीला बरीच वर्षं झाली. शहराला तेव्हा सगळे औरंगाबादच म्हणत. क्रांती चौकाजवळच्या एका लॅबमध्ये मी रक्त तपासायचे. सकाळी लोकांच्या दंडाला पट्टा बांधून रक्त काढायचं, दुपारी काचपट्ट्या तपासायच्या आणि संध्याकाळी रिपोर्ट हातात द्यायचे. खरी गर्दी संध्याकाळीच. रिपोर्ट घेऊन माणसं तशीच डॉक्टरकडं पळायची, त्यामुळं अंधार पडायच्या आत सुटका नसायची. पण काम मला मनापासून आवडायचं. दुसरीकडं दोनदा टोचून आलेलं रडकं लेकरू माझ्यापुढं बसलं, की मी बोलता बोलता नस धरायचे आणि त्याच्या आईचा जीव भांड्यात पडायचा. माझ्या हाताला यश होतं आणि मला ते पक्कं ठाऊक होतं.

नवरा वाळूजच्या एका कंपनीत पाळीनं कामाला. दोन लेकरं, थोरली मुलगी आणि धाकटा मुलगा, शाळा सुटली की शेजारच्या काकूंच्या ओट्यावर. सगळं बरं चाललं होतं. मग दिवाळीला आम्ही सासरी सोयगावला गेलो आणि माझ्या सुपुत्रानं आपल्या काकाला ऐटीत सांगितलं, "आम्ही रात्री चहात बटर बुडवून खातो. लई मजा येते."

बटर म्हणजे बेकरीतले ते कडक गोल पाव. एकदाच खाल्ले होते हो! त्या दिवशी गाडी पंक्चर झाली होती आणि मला घरी यायला उशीर झाला होता. पण मोठ्या दिरांना तेवढं पुरलं. सोयगावात त्यांची शेती मोठी, शब्दाला वजन, आणि बापामागं घराचे कारभारी तेच. ओसरीवर सगळ्यांदेखत म्हणाले, "आपल्या घरची लेकरं रात्री पाव खातात. कशासाठी? आपल्यात काय कमी हाय? घरच्या बाईनं दिवस मावळल्यावर घरी यायचं, ही काय रीत झाली? सोड म्हणावं नोकरी."

नवरा पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत बसला. मी तोंड उघडणार, तेवढ्यात सासूबाई बोलल्या. त्यांना आम्ही सुना आत्याबाई म्हणत असू. "उगं भांडू नका," त्या म्हणाल्या. "मी जाते तिच्याकडं. आखाजीपोतर ऱ्हाते, बघते. रातच्या हिंदी बातम्या लागायच्या आत समद्यांच्या ताटात गरम जेवण दिसलं, तर करू दे नोकरी. शिळं नाय, भाईरचं नाय. नाय जमलं तर सोडायची. मंग रडायचं नाय."

आखाजी म्हणजे अक्षय तृतीया, म्हणजे थेट भर उन्हाळ्यापर्यंत. मी भर ओसरीवर म्हटलं, "कबूल." दीर हसले. त्यांना वाटलं, पंधरा दिवसांत सून हात टेकणार. मी मनात म्हटलं, बघाच आता.

आता पॅनचं सांगते. त्याच दिवाळीला नवऱ्याच्या कंपनीनं सगळ्या कामगारांना एकेक नॉनस्टिक पॅन भेट दिला होता. काळा, खोलगट, लांब दांडीचा. आमच्या गल्लीत त्या कंपनीतली तीन-चार घरं होती आणि त्यांतल्या बहुतेक घरांत पॅन माळ्यावर गेला. काळं भांडं पाहुण्यांपुढं कसं ठेवायचं, असा एकीला प्रश्न. एकीनं त्यात कोथिंबीर पेरली. मी मात्र पहिल्याच रविवारी त्यात पिठलं केलं आणि ते पिठलं असं सरसर घसरत ताटात आलं, की मी पॅनकडं बघतच राहिले. तळाला काही नाही! घासायला काही नाही! संध्याकाळचा अर्धा तास माझा भांडी घासण्यात आणि करपलेलं खरवडण्यात जायचा, तो आयता हातात आला.

आत्याबाई आल्या त्या आपली पत्र्याची पेटी आणि ज्वारीचं पोतं घेऊन. पहिल्या संध्याकाळी मी लुनावरून लोखंडी पूल ओलांडून घरी आले, हातपाय धुतले आणि पॅन गॅसवर चढवला. सकाळी डाळ शिजवून ठेवली होती, कणीक मळून ठेवली होती. फोडणी, लसूण, हिंग, वरण, चिंचेचा कोळ, गूळ. वरण उकळलं की लाटलेल्या पोळीचे शंकरपाळ्यासारखे तुकडे एकेक करून आत. ह्याला आमच्याकडं चकोल्या म्हणतात. आत्याबाई दाराला टेकून बघत होत्या.

"तवा कुठाय?" त्यांनी विचारलं.

"तवा सकाळी."

"मंग भाकरी?"

"भाकरी सकाळी डब्याला. रात्री एकच भांडं, एकच जेवण."

"हे कवा ठरलं?"

"तुम्हीच ठरवलंत, आत्याबाई. गरम जेवण म्हणालात. भाकरीचं काही बोलला नव्हतात."

त्यांनी तोंड असं केलं की मला हसू आवरेना. पण शब्दाच्या पक्क्या. पुन्हा भाकरी मागितली नाही.

खरी पंचाईत पुढं झाली. मी मधोमध पाट ठेवला, पाटावर पॅन, भोवती पाच ताटं. आत्याबाई जागच्या हलेनात. "आधी त्याला आन् लेकरांना बसू दे. आपन मागून बसू."

"मागून कशाला? मागून काय येणार आहे? सगळं ह्याच्यातच आहे."

"तसं नसतं गं."

"आत्याबाई, मी सकाळपासून उभी आहे. मला भूक लागलीय. मी बसते आहे, तुम्हीही बसा."

मी बसले. नवऱ्यानं माझ्याकडं बघितलं, आईकडं बघितलं आणि शहाण्यासारखं ताट पुढं ओढलं. शेवटी आत्याबाई बसल्या. कशा बसल्या? दाराकडं पाठ करून, पदर डोक्यावरून पुढं ओढून, गल्लीतून जाणाऱ्या-येणाऱ्याला दिसायला नको अशा. मुलाच्या बरोबरीनं, एका पंगतीला. पहिला घास घेताना तोंड भाजलं त्यांचं. मी पाणी दिलं. जेवण झाल्यावर मी विचारलं, "कसं झालं होतं?" तर म्हणाल्या, "खाल्लं गेलं."

हे 'खाल्लं गेलं' मी पुढं सहा महिने ऐकलं. चांगलं झालं तरी खाल्लं गेलं, बिघडलं तरी खाल्लं गेलं. एकदा मसालेभात इतका झकास जमला होता, की मुलगा बोटं चाटत होता, आणि ह्यांनी तीनदा भात घेऊन वर तेच ऐकवलं. मी म्हटलं, "आत्याबाई, तीनदा गेलं." तर म्हणाल्या, "गप. लेकरं हसतात."

पण माझी तरकीब चालली. गर्वानं सांगते, चालली म्हणजे धडाक्यात चालली. जे दोन भांड्यांशिवाय होत नाही, ते रात्री करायचंच नाही, हा पहिला नियम. सकाळी जे चिरून, भिजवून, शिजवून ठेवता येतं ते ठेवायचं आणि रात्री फक्त फोडणीला टाकायचं, हा दुसरा. आत्याबाईंनी सोयगावहून येसर आणलं होतं. येसर म्हणजे धान्य आणि मसाले भाजून केलेलं पीठ. पाण्यात कालवून उकळलं की आमटी तयार. मी त्या आमटीतच तांदूळ सोडले. "येसरात भात?" आत्याबाई किंचाळल्याच. नवरा म्हणाला, "आई, खाऊन बघ." खाल्लं गेलं.

शेंगोळ्यांचं तर विचारू नका. कुळथाच्या पिठाच्या लांब वळ्या करून त्यांची वेटोळी मसाल्याच्या पाण्यात शिजवायची. करायला वेळ लागतो म्हणून मी ते बेतातून काढून टाकले होते. एक दिवस घरी आले तर परातभर शेंगोळे वळून तयार. मुलीचे हात पिठात, मुलाच्या तर नाकापर्यंत पीठ, आणि आत्याबाई भिंतीकडं बघत म्हणाल्या, "दिवसभर बसून काय करू मी? हात दुखाया लागले नुस्ते बसून." मी फोडणी टाकली, शेंगोळे सोडले, वर ताट झाकलं. बातम्यांच्या आत आम्ही हात धुऊन मोकळे.

ह्या पॅनचे माझे कायदे होते आणि ते घरात सगळ्यांना पाठ होते. लोखंडी उलथनं लावायचं नाही, लाकडीच. राखेनं घासायचं नाही. तारेची घासणी जवळ आणायची नाही. गरम असताना पाण्याखाली धरायचा नाही. आत्याबाई म्हणायच्या, "भांडं हाय का नवरदेव?" पण पाळायच्या. त्यांना राखेची सवय, म्हणून पॅन धुवायला मी त्यांच्या हाती कधी दिला नाही, आणि त्यांनीही कधी मागितला नाही.

फाल्गुनात दीर आले. पाण्याची मोटर घ्यायला शहरात आले होते, रात्री मुक्कामाला आमच्याकडं. मी खिचडी केली होती. ते पंगतीला बसले, आई आपल्या शेजारी ताट घेऊन बसलेली बघून जरा चमकले, पण काही बोलले नाहीत. जेवले पोटभर. मी मुलांना हात धुवायला मोरीकडं घेऊन गेले आणि मागं आवाज आला: खर्र, खर्र.

 धावत आले. तर दीर पॅन मांडीवर घेऊन स्टीलच्या चमच्यानं तळ खरवडत होते. खिचडीची खरपूड त्यांना लहानपणापासून जीव की प्राण. तळाला लागलेला तो खरपूस थर काढायचा, वर तेल घालायचं आणि खायचा. घरात दोघे भाऊ त्यावरून भांडायचे म्हणे.

"भाऊजी! अहो, काय करताय!"

"खरपूड काढतोय."

"त्यात खरपूड धरत नाही!"

"अशी कशी धरत नाय? हे काय निघतंय, काळं काळं?"

निघत होता तो पॅनचा थर. ताटात काळे कण, आणि पॅनच्या मधोमध पांढरट ओरखडे, हाताएवढे. माझं डोकंच फिरलं. मोठे दीर आहेत, कारभारी आहेत, काही काही आठवलं नाही. "अहो, दिसत नाही का तुम्हाला? मुसळ घेऊन बसा ना त्यापेक्षा! एक वस्तू घरात धड राहू देत नाही!"

नवरा म्हणाला, "अगं अगं." दिरांनी पॅन खाली ठेवला. त्यांचा चेहरा लाल झाला. मग शांतपणे म्हणाले, "एवढं काय झालं? एवढ्याशा भांड्यावर तुझी नोकरी टिकलीय व्हय?"

"हो!" मी ओरडले. "ह्याच्यावरच टिकलीय! झालं समाधान?"

रागात माणूस काहीही बोलतं. माझी नोकरी पॅनवर टिकलेली नव्हती. ती माझ्या हातावर, माझ्या हिशेबावर आणि सकाळी उठून चिरलेल्या कांद्यांवर टिकलेली होती. पॅन गेला असता तर मी पातेल्यात केलं असतं, कढईत केलं असतं. थोडं जास्त घासावं लागलं असतं, बस. सकाळपर्यंत माझा राग उतरलाही. दिरांना चहाबरोबर मी स्वतः उपमा दिला, त्यांनी तो मुकाट्यानं खाल्ला, आणि मोटर घेऊन गेले. मी विषय डोक्यातून काढून टाकला.

आत्याबाईंनी नाही काढला. हे मला फार उशिरा कळलं.

पॅन आता मध्ये धरायला लागला. चकोल्या तळाला चिकटायच्या, मी दोन चमचे तेल जास्त घालायचे आणि वेळ मारून न्यायचे. आत्याबाई मात्र रोज सकाळी पॅन उजेडात धरून बघायच्या. ओरखड्यावरून बोट फिरवायच्या. ओरखडा वाढला की नाही, ते बघायच्या. एकदा विचारलं, "ह्याला काय करत्यात गं, असं झाल्यावर?" मी घाईत होते. म्हटलं, "काही नाही करत. टाकून देतात." त्यांनी पॅन पुसून जागेवर ठेवला. आखाजी तोंडावर आली होती.

आखाजीच्या आधी दीर त्यांना न्यायला येणार होते आणि त्याच रात्री काय ते ठरणार होतं. मला फिकीर नव्हती. सहा महिन्यांत एकदाही बातम्यांच्या नंतर ताटं पडली नव्हती. मसालेभाताचा बेत ठरवून, वाटण करून, तांदूळ निवडून मी सकाळी निघाले.

आणि नेमका त्याच दिवशी लॅबमध्ये कहर झाला. उन्हाळ्याचे दिवस, एका वस्तीत पाणी खराब आलं, आणि दुपारपासून उलट्या-जुलाबाची माणसं रांगेनं. एक लेकरू तर इतकं सुकलेलं, की नस सापडेना. डॉक्टर म्हणाले, "ताई, तुम्हीच बघा." मी त्याच्या पायाची नस धरली. ते लेकरू सोडून घरी जाणं मला जमणार नव्हतं आणि गेले नाही. त्याचा रिपोर्ट हातानं लिहून दिला, मग लुनाला किक मारली. समर्थनगरातून जाताना घराघरांतून हिंदी बातम्यांचा आवाज येत होता.  सहा महिने एकीकडं आणि आजचा दिवस एकीकडं. गेली नोकरी, मी स्वतःशीच म्हटलं, आणि पुलावर मला रडू फुटलं. हेल्मेट-बिल्मेट कुणी घालत नव्हतं तेव्हा, येणारे-जाणारे बघत होते. बघू देत.

दारात दिरांच्या चपला. आत दीर भिंतीला टेकून, शेजारी नवरा, लेकरं पेंगुळलेली. टीव्ही कुणीतरी बंद केलेला. ताटं रिकामी. आणि भाजल्या भाकरीचा वास.

आत्याबाईंना उभ्यानं भाकरी जमत नाही. त्यांनी गॅसची शेगडी ओट्यावरून खाली घेतली होती आणि जमिनीवर बसून, परात पुढं ओढून, लोखंडी तव्यावर त्या भाकरी टाकत होत्या. शेजारी पातेल्यात पिठलं. मला बघून त्यांनी तोंड वळवलं.

"तुझं भांडं म्या मारलं," त्या म्हणाल्या.

मोरीच्या कडेला पॅन पडला होता. आधी मला ओळखूच आला नाही. काळा रंग जळून गेलेला, तळ खाली लोंबलेला, दांडीचा अर्धा भाग वितळून वाकडा. आणि आतून जागोजागी चांदीसारखे ठिपके.

"हे काय झालं?"

"कल्हई लावली."

 नॉनस्टिकला कल्हई!

"दुपारी कल्हईवाला आल्ता गल्लीत," आत्याबाई परातीतल्या पिठाशी बोलत होत्या. "म्हटलं, भांड्याची कल्हई उडाली तर लावून घेत्यात, टाकून कशाला द्यायचं. तो म्हनला, अम्मा, नक्को, इसकू कल्हई नै लगती, जल जाएगा. म्या म्हटलं, तू लाव तर आधी. पितळंला लागती, तांब्याला लागती, ह्याला का नाय लागत? लई येळ नाय नाय म्हनला गरीब. म्या ऐकलं नाय. निखाऱ्यावर ठिवलं आन् त्याचा धूर ह्यो एवढा. माझ्या डोळ्यांदेखत बुड खाली आलं."

मला आधी राग आला. खोटं कशाला सांगू, पहिला रागच आला. "पण कशाला, आत्याबाई? कुणी सांगितलं होतं तुम्हाला?"

"तूच म्हनलीस," त्यांनी वर बघितलं. डोळे सुजलेले होते, दुपारपासून रडत असणार. "तूच ओरडून म्हनलीस, ह्या भांड्यावर नोकरी टिकलीय. म्हटलं, आखाजीपोतर तरी टिकू दे पोरीचं."

मी मोरीच्या कठड्यावरच बसले. सहा महिने मला वाटत होतं, की ही बाई माझी परीक्षा घेतेय. नापास करायला बसलीय. आणि ती रोज सकाळी उजेडात धरून बघत होती, की माझी नोकरी अजून किती दिवस टिकेल.

दिरांनी घसा खाकरला. "आई, बातम्या कवाच होऊन गेल्या. तूच अट घातली होतीस ओसरीवर. आता काय ते सांगून टाक."

आत्याबाईंनी तव्यावरची भाकरी उचलून जाळावर धरली. टम्म फुगली. त्यांनी ती दिरांच्या ताटात टाकली नाही, माझ्या नवऱ्याच्या ताटात टाकली नाही. माझं ताट पुढं ओढलं, त्यात भाकरी ठेवली, शेजारी पिठलं वाढलं. "हात धू. ये, बस."

"आमी तासभर बसलोय आई, उपाशी," दीर म्हणाले.

"बसा आनखी. तुला काय झालं? जल्मापासून तव्यावरची खातोस." आत्याबाईंचा आवाज चढला. मी त्यांना इतकं मोठ्यानं बोलताना कधीच ऐकलं नव्हतं. "मी पदर आला तवापून चुलीपुढं हाय. तुझ्या बापाला वाढली, तुमाला वाढली, गड्यामान्सांना वाढली. समद्यांची जेवनं झाल्यावर उरलेली गार भाकर माझी. कुणी इचारलं? तुझ्या बापानं इचारलं? तू इचारलंस, आई, तू गरम खाल्लंस का? हिच्या घरी येऊन मला कळलं, गरम घासानं तोंड पोळतं. पहिल्या दिवशी पोळलं माझं. म्हातारी झाले तवा."

 लेकरं जागी झाली होती.

"ही नोकरीवरून यायची, आन् मला शेजारी घेऊन बसायची. रोज. ही घरी बसली तर उद्या हिच्याबी नशिबी हेच. नोकरी सुटायची नाय हिची. ओसरीवर सांग, गावाला सांग, मी म्हनते म्हनून सांग. झालं? बस आता जेवाया."

दिरांनी मान खाली घातली.  ते मोठे, कर्तबगार, चारचौघांत बोलणारे. त्यांना त्या वेळी काय वाटलं मी कधी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. आत्याबाईंनी पुढची भाकरी थापायला घेतली.

मी ताटाला हात लावला नाही. "तुम्हीही या, आत्याबाई."

"तुमी खा. मी बसते मागून. पीठ हाय अजून."

मला खरंच ओरडावंसं वाटलं, पण ओरडले नाही. रडू येत होतं आणि मला सगळ्यांसमोर रडायला आवडत नाही. तेवढ्यात दीर उठले. शेगडीजवळ आले, वाकले, आणि त्यांनी गॅस बंद केला. बहुधा आयुष्यात पहिल्यांदाच. कॉक कुठल्या बाजूला फिरवायचा ते त्यांना चटकन कळलं नाही.

"अरे, पीठ तसंच हाय," आत्याबाई म्हणाल्या.

"ऱ्हाऊ दे," दीर म्हणाले. "झाल्यात तेवढ्या वाटून खाऊ."

त्यांनी आईच्या हाताला धरून तिला उठवलं आणि आपल्या ताटाजवळ बसवलं. माझ्या ताटातली भाकरी अजून फुगलेली होती. मी ती मोडली, वाफ आली, आणि अर्धी आत्याबाईंच्या ताटात ठेवली. त्यांनी दाराकडं बघितलं. दार सताड उघडं होतं आणि गल्लीत माणसं होती. त्यांनी पदर पुढं ओढला नाही. तशाच बसून जेवल्या.